हातमोजे एकीलाच

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका गावची ही हकीकत आहे. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं की बाकीची गावं सुटकेचा निःश्वास सोडतात.

त्या दिवशी शाळेत खिचडीचा वार होता. मागच्या शेडमध्ये आधणाला उकळी आली तशी सीमाने तांदूळ वैरले. माया तायडे डाळ धुवायला बसली, पण बसण्याआधी तिने खुंटीवरचे नारिंगी रबरी हातमोजे चढवले. आत बोटांची आग आग झाली. दात आवळून ती डाळ चोळू लागली.

दोघी दोन वर्षांपासून शाळेतल्या मुलांसाठी रांधत होत्या. हातमोजे आले ते जूनमध्ये, शाळा समितीचे अध्यक्ष वामनराव यांनी आणले. "स्वच्छता पाहिजे," एवढंच ते म्हणाले. जोडी एकच होती आणि ती मायाला दिली गेली. सीमा कुणब्याची, माया बौद्ध. कोणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं.

महिन्याभरात मायाच्या हातांना खाज सुटली. मग बारीक फोड आले, कातडी तडकली. ते तिने पदराखाली झाकून ठेवलं होतं. पण त्या दिवशी वाढून झाल्यावर नळाखाली तिने मोजे काढले आणि पोराला न्यायला आलेल्या एका बाईने ते हात पाहिले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, मायाले महारोग झाला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक किशोर सरांनी तिला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, भित्रे होते. टेबलावर एक टाईप केलेला अर्ज होता : 'आजारपणामुळे मी स्वखुशीने काम सोडत आहे.'

"पुढच्या शनिवारी बैठक आहे, मायाबाई. तोवर डॉक्टरचा कागद आणा, नाहीतर यावर सही करा. आणि ते मोजे घेऊन जा. इथं कोणी हात लावायला तयार नाही."

सोमवारी ती नवऱ्यासोबत, धर्मेंद्रसोबत, एसटीने अमरावतीला त्वचेच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर प्रणाली वयाने लहान, पण नजर बारीक.

"दिवसभरात हातांना काय काय लागतं?"

"डाळ, तिखट, हळद. भांड्याची पावडर. साबण. बांगड्या."

मोजे तिने सांगितले नाहीत. सांगितले असते तर ते आपणच का घालतो, हेही सांगावं लागलं असतं.

डॉक्टरांनी तिचा हात उलटा केला. मनगटाच्या तीन बोटं वर सगळा त्रास एका सरळ रेषेत थांबला होता, दोन्ही हातांवर सारखाच. "इथपर्यंत काय येतं?"

मायाने पदर हातांवर ओढून घेतला.

"सांग ना," धर्मेंद्र म्हणाला.

"मोजे. रबराचे."

"सोबत कामाला कोणी बाई आहेत? त्यांनाही असाच त्रास आहे?"

"तिले नाई देले."

शाळेतून आणलेले मोजे अजून मायाच्या पिशवीतच होते; त्यातला एक मागून डॉक्टरांनी त्याचा तुकडा कापला. निरनिराळ्या पदार्थांच्या इवल्या वाट्या असलेल्या पट्ट्या आणि तो तुकडा त्यांनी मायाच्या पाठीला चिकटवला, पेनने खुणा केल्या.

"ज्या वस्तूचं तुमच्या कातडीशी जमत नाही, तिथे लाल होईल. दोन दिवस आंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही, खाजवायचं तर मुळीच नाही. बुधवारी पट्ट्या काढू, शुक्रवारी पुन्हा पाहू."

"आन् काईच लाल नाई झालं तं?"

"मग दुसरं कारण शोधावं लागेल."

हे वाक्य घेऊन ती गावी परतली. दुसरं कारण म्हणजे गावाने आधीच ठरवलेलं कारण, असंच तिला वाटत होतं.

मंगळवारी उकाडा वाढला. माया घामाच्या भीतीने हलेना. दुपारी सीमा आली आणि अंगणातच उभी राहिली.

"सही करून टाक वं माया. वामनभाऊ म्हणून राहिले, चौघांत तमाशा होण्यापरीस इज्जतीनं जाय."

"तुलेही वाटते काय, मले रोग हाये?"

सीमा आल्या पावली निघून गेली.

ती गेली, आणि उजव्या खांद्याखाली ठणकल्यासारखी खाज सुटली. मायाला हसू आलं, रडूही आलं. "हून राहिलं जी," ती नवऱ्याला म्हणाली, "काहीतरी हून राहिलं!" हात आपोआप पाठीकडे जाऊ लागला तसे धर्मेंद्रने तिचे दोन्ही तडकलेले हात आपल्या हातांत धरून ठेवले. संध्याकाळपर्यंत दोघं तशीच बसली.

बुधवारी पट्ट्या निघाल्या तेव्हा दोन चौकोन लालसर होते. डॉक्टर म्हणाल्या, आज घाई नको. शुक्रवारी ते दोन्ही फुगून वर आले होते. एक रबरातल्या रसायनाचा, दुसरा मोज्याच्या तुकड्याचा.

"हा महारोग नाही. हे एकापासून दुसऱ्याला होत नाही. मोजे बंद करा, मलम लावा, तीन आठवड्यांत हात बरे होतील," असं म्हणत त्यांनी तेच कागदावर लिहून दिलं.

शनिवारी समिती बसली. किशोर सरांनी कागद मोठ्याने वाचला. मायाचा श्वास मोकळा झाला. वामनरावांचाही झाला.

"चला, बरं झालं. रबराचे चालत नाई ना? मंग प्लास्टिकचे आनतो. आजच सांगतो."

मायाला वाटलं होतं, कागद दाखवला की संपलं. आता कळलं, कागदाने फक्त हाताचं दुखणं सांगितलं होतं.

"दोन जोड्या आना भाऊ," ती म्हणाली.

"दोन कायले?"

"सीमाले एक."

"तिले काय गरज हाये?"

"मंग मले काहून हाये?"

वामनरावांचा चेहरा तापला. "हे पाह्य माया, पालक लोक तक्रार करतात. आपल्याले लेकरं शाळेत टिकवायची हायेत. तू मोठं मन कर."

"मी हात धुवून येईन, सीमा येते तशी. मोजे घालनार नाई. अर्जावर सही बी करनार नाई. काढून टाकायचं असन तं खरं कारन लिहून काढा."

"पुरावा काय तुह्यापाशी, जातीपाई देले म्हणून?"

दाराशी उभी असलेली सीमा तेव्हा पुढे आली.

"माह्यासमोर ठरलं होतं भाऊ. तिच्या हातचं आमचे पोरं कसे खातीन, असं चार घरच्या बाया म्हणाल्या. त्यात मी बी होती."

राग यावा की काय यावं, मायाला कळेना.

"लिहा सर," माया म्हणाली. "हे इतिवृत्तात लिहा."

किशोर सरांनी वामनरावांकडे पाहिलं. मग पेनचं टोपण काढलं. लिहिताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही, पण सीमाचा शब्द न् शब्द लिहिला. अर्ज त्यांनी टेबलावरून उचलून फाडला.

तीन आठवड्यांनी माया उघड्या, बऱ्या झालेल्या हातांनी शेडमध्ये आली. त्या दिवशी एकोणीस मुलं घरून डबे घेऊन आली. सीमाची मुलगी मात्र ताट घेऊन रांगेत बसली आणि तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. दिवाळीच्या सुट्टीआधी डबे अकरावर आले होते. माया रोज ते मोजते आणि पुन्हा वाढायला लागते.

त्या अकरा डब्यांत पोळी भरून देणारे हात कोणाचे आहेत? आपण सुशिक्षित आहोत, वर्तमानपत्र वाचतो. उद्या सकाळी आपल्या घरातून डबा निघेल, तेव्हा तो कशासाठी निघतो आहे, एवढं एकदा स्वतःला विचारून पाहा.