पाचवी काच

काच मधोमध तडकली होती. बोटभर लांबीची साधी पट्टी, भेगेच्या दोन्ही काठांवर सिमेंटने आडवी चिकटवलेली; जमीन केसभर हलली तरी ती तडकते, मग तो येतो, फाकलेलं अंतर मोजतो, वहीत लिहितो, भेग बुजवतो आणि वर नवी काच बसवतो. कड्याच्या पाहणीचं काम त्याच्याकडे येऊन अकरा वर्षं झाली. आज अंतर तीन मिलिमीटर. विशेष काही नाही, तो मनाशी म्हणाला, आणि उगाच मागची पानं चाळली... तेवढंच करायला नको होतं.

चौथी काच, सात. तिसरी, नऊ. दुसरी सहा, पहिली अकरा. दर नव्या काचेला नवं पान, नव्या पानावर पुन्हा शून्य – पद्धतच तशी, आणि आम्ही शहाणे, साहेबांना दरवेळी फक्त वरचं पान दाखवणार! पाच पानांची बेरीज कुणी केलीच नव्हती. त्याने ती बोटांवर केली, मग घाईघाईने पुन्हा केली. छत्तीस. चांगली दोन बोटं भेग, आणि ती मीच, माझ्याच हातांनी, दरवेळी थापीने गुळगुळीत करत आलो. अरे देवा. आणि पहिली काच चार वर्षं टिकली होती; ही तीन आठवडे.

भेगेच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, ताईचं घर. खालून लाटेचा धप्प आवाज आला आणि तळपायांना तो कळला. खालचा खडक मऊ, वरचा टणक. समुद्र पायथा कोरत जातो, वरचं काही दिवस नुसतंच पुढे झुकून उभं राहतं, मग कोसळतं आणि मागे नवा, कोरा, सरळसोट कडा उघडा पडतो. नदीच्या दरीत, डोंगरात, जिथे जिथे कडे आहेत तिथे थोडंफार हेच. सहलीला आलेल्या पोरांना तो दरवर्षी सांगायचा – पडतो म्हणून तर कडा राहतो, नाहीतर कधीच उतार झाला असता! पोरं विचारायची, मग हा कधी पडणार? आणि तो हसायचा. हसायचा, मेला.

भावोजी गेले त्या वर्षी ताई घर विकून मुलीकडे निघाली होती. सामान बांधून झालं होतं. "मी मोजतोय ना," असं म्हणून त्यानेच तिला थांबवलं. खरं सांगायचं तर कड्याचा विचारच नव्हता त्यात. ती गेली असती तर दुपारी कुणाच्या घरी जेवायला गेलो असतो मी? आता सांगायचं. आत्ताच सांगायचं, चूक झाली म्हणायचं, पाया पडायचं, संध्याकाळच्या आत तिला बाहेर काढायचं. वही काखेत मारून तो तरातरा घरात शिरला.

"आलास? हात धू आधी," ताई म्हणाली. "किती आलं आज?"

"तीन."

"बघ! शेजारीण उगाच घाबरवते मला. म्हटलं, माझा भाऊ बसलाय ना मोजायला."

त्याने तोंड उघडलं. ताईने ताट ठेवलं आणि त्याच्याकडे पाहून हसली.

"काय रे, हल्ली तू असा दाराशीच का बसतोस? पूर्वी खिडकीजवळ बसायचास, यांच्या खुर्चीत. समुद्र बघत जेवायचास. आता चपलासुद्धा बाहेर काढत नाहीस, पायाशीच ठेवतोस."

"वारा लागतो," तो म्हणाला.

पण कधीपासून? त्याने खाली पाहिलं. चपला खरंच पायाशी होत्या, टोकं दाराकडे. पावसाळ्यापासून... नाही, त्याच्याही आधी, तिसरी काच गेली तेव्हापासून. बेरीज आज केली. पण पायांना, पाठीला, या खुर्ची ओढणाऱ्या हाताला ती कितीतरी महिने पाठ होती. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली आणि वाटाणे सोलू लागली. चूक झाली, एवढंच सांगायचं ठरवून तो आला होता. आता तेही खोटं झालं असतं.