विचारल्याशिवाय आत येऊ नये

मी एक खूण बोलतेय. बरोबरची खूण, नखाएवढीसुद्धा नाही. सर्व्हरच्या खोलीतल्या संगणकावर एक पान उघडतं, त्यावर छोटे छोटे चौकोन आहेत, आणि त्यातला सातवा माझा. माझ्यापुढे लिहिलंय, ‘जोडणी करण्याआधी वापरणाऱ्याची परवानगी विचारा.’ मी इथे असले की कंपनीतल्या चारशे बारा संगणकांत न विचारता डोकावायची कुणाची टाप नाही. हसू नका! एके काळी खरंच नव्हती.

मला बसवलं तात्यांनी. कंपनीचं नेटवर्क सांभाळणारे तात्या. चष्मा कपाळावर आणि शोधताहेत टेबलाखाली, असा माणूस. माझ्याआधी दुरून संगणक दुरुस्त करायचं ते रिमोटचं सॉफ्टवेअर प्रत्येक मशीनवर वेगवेगळं होतं. कुणाचा पासवर्ड एक-दोन-तीन-चार, कुणाला पासवर्डच नाही, आणि एकाने तर ‘मशीन हळू चालतं’ म्हणून ते काढूनच टाकलेलं. तात्या पेनड्राइव्ह घेऊन तीन मजले आणि दोन गोदामं पालथी घालायचे. पुढच्याचं नीट करेपर्यंत मागच्याने बदललेलं असायचं.

शेवटी वैतागून त्यांनी सगळी सेटिंग या एका पानावर आणली. इथे बदललं की सगळीकडे बदललं, आणि टेबलावर बसलेल्याला ते हलवता येणार नाही. सातव्या चौकोनात टिचकी मारून ते म्हणाले, “बाकी काही हलो, ही हलायची नाही.” खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मलाच म्हणाले असावेत. मी किती फुशारले होते, आता सांगायलाही लाज वाटते.

बरे दिवस होते ते. कुणाचं मशीन अडलं की तात्या आधी फोन करायचे, मग समोर माझी चौकट उघडायची: होकार की नकार? तेवढ्या वेळात माणसं काय काय करायची! कुणी पत्त्यांचा डाव बंद करायचा, कुणी अर्धवट लिहिलेला राजीनामा लपवायचा. गोदामातल्या ताई तर आधी केस सारखे करायच्या. तात्यांनी दहा वेळा सांगितलं, “अहो ताई, मला तुमची स्क्रीन दिसते, चेहरा नाही.”

“असू द्या हो,” ताई म्हणायच्या. “कुणी घरी येतंय म्हटल्यावर पसारा आवरतोच ना आपण?”

मग कारखान्याला नवे साहेब आले. त्याच सुमाराला सगळ्या संगणकांवर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवायची होती. काम सुट्टीच्या दोन दिवसांत उरकायचं, आणि टेबलावर होकार द्यायला तर कुणीच नसणार. तात्यांनी मला काढलं. “दोनच दिवस,” असं पुटपुटले. या धंद्यातल्या माणसांची ही खोडच. तात्पुरतं म्हणून हात लावतात, आणि नुकसान दुसऱ्याच्या पदरात पडतं.

सुट्टी संपल्यावर सकाळी ते मला परत लावणार, तोच साहेब खोलीत आले. कुणालाही न विचारता तात्यांच्या स्क्रीनवर दुसऱ्याचं मशीन उघडलेलं त्यांनी पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले.

“हे असंच राहू दे. आणि माझ्यासाठीही एक लॉगिन करा.”

“साहेब, समोर माणूस बसलेला असतो. विचारलेलं बरं.”

“मशीन कंपनीचं, वीज कंपनीची. परवानगी कुणाची मागायची? आणि तुमची निवृत्ती कधी आहे हो?”

दोन वर्षांनी होती. तात्या म्हणाले, “ठीक आहे, साहेब.” त्या ‘ठीक आहे’ची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

पुढे महिनाभराने पॅकिंगच्या मशीनमध्ये एका कामगाराची दोन बोटं गेली. अहवालात लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. पण त्या मशीनचं संरक्षक झाकण अपघाताच्या अकरा दिवस आधीच काढलेलं होतं, काम भराभर व्हावं म्हणून. हे ताईंना पक्कं ठाऊक होतं, कारण ते झाकण त्यांच्याच गोदामात जमा झालं होतं. रजिस्टरमध्ये तारीख होती, खाली साहेबांची सही होती.

ताईंनी कारखाना निरीक्षकांना पत्र लिहायला घेतलं. दुपारची वेळ. एक ओळ लिहायच्या, दोन खोडायच्या, हात पुसायच्या, पुन्हा लिहायच्या. आणि वरच्या मजल्यावर साहेब चहा पीत तीच ओळ वाचत होते. चाळीस मिनिटं वाचत होते! मी जागेवर असते तर ताईंसमोर चौकट उघडली असती. त्यांनी नकार दिला असता आणि पत्र छापून पिशवीत टाकलं असतं. पण माझा चौकोन रिकामा होता. पत्राखाली नाव लिहायच्या आधीच फोन वाजला, “जरा वर या.”

संध्याकाळपर्यंत रजिस्टर साहेबांच्या कपाटात गेलं, पत्र पुसलं गेलं, आणि ‘कंपनीच्या मशीनवर खासगी काम’ म्हणून ताईंना घरी पाठवलं.

जाताना त्या तात्यांच्या टेबलापाशी थांबल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

“तात्या, तुम्ही दर वेळी विचारून यायचात. या वेळी का नाही विचारलंत?”

तात्यांच्या समोरच जोडण्यांची नोंद उघडी होती. तारीख, वेळ, गोदामाचं मशीन, चाळीस मिनिटं आणि पुढे साहेबांचं नाव. तात्यांनी नुसती स्क्रीन वळवायची होती. तेवढं एक मनगट हललं नाही.

“ताई, नियम बदललाय,” ते म्हणाले.

“बरं,” ताई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. चोरून डोकावले ते तात्याच, असं त्या आजही समजतात. आणि त्या कामगाराच्या घरी तोच निष्काळजी ठरलाय.

आता मी पुन्हा जागेवर आहे. तात्यांना उपरती झाली असं समजू नका. बाहेरून संगणकांची तपासणी येणार होती, म्हणून साहेबांनीच फर्मावलं, “ती खूण लावून टाका.” तपासनीस मला बघून खूश झाले. साहेब म्हणाले, “आमच्याकडे माणसाचा मान पहिला हो!” जळली मेली ती शाबासकी. मला तोंड असतं तर तिथेच थुंकले असते. चारशे अकरा मशीनवर मी पोहोचले. ताईंचं मशीन तेव्हापासून बंद आहे, आणि बंद मशीनपर्यंत मी जाऊ शकत नाही.

जोडण्यांची नोंद नव्वद दिवस राहते, मग आपोआप पुसली जाते. या पानावर ती मुदतही तात्यांनीच घातलीय. रोज दुपारी ते साहेबांच्या नावाची ती ओळ उघडतात, बघत बसतात आणि बंद करतात. आज शहाऐंशीवा दिवस.

तात्या, मी नुसती खूण. मला ती ओळ कागदावर छापता येत नाही आणि ताईंच्या घरापर्यंत चालत जाता येत नाही. तुम्हाला दोन्ही येतं.