शांतिदेवीची डहाळी

सिंकपाशी उभे राहून एकनाथ चिंचेच्या कोळाने नाणं घासत होते. राख हवी होती, पण अमेरिकेत, फ्रीमाँटला मुलाच्या घरी राख कुठून आणायची! भांड्यांच्या तारेच्या घासणीवर भागवलं. पुण्यात चाळीस वर्षं हंडे-घागरी ठोकलेला हा तांबट. धातूवर हिरवं दिसलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. हिरवं म्हणजे विष, एवढं साधं.

नाणं सुनेचं, रेणूचं. दोन हजार वर्षांपूर्वीचं, रोमन, काशाचं. त्यावर शांतिदेवी उभी, हातात ऑलिव्हची डहाळी. तिच्या पप्पांनी जाण्याआधी दिलेली शेवटची वस्तू.

भांडणही त्या पप्पांवरूनच झालं होतं. रविवारीही घरून ऑफिसचं काम करण्याच्या गडबडीत रेणूने जेवायला दूध आणि सीरिअल मांडलं, तेव्हा एकनाथांची जीभ घसरली, "वडिलांनी काही वळण लावलेलं दिसत नाही." आईविना लेक एकट्याने वाढवलेल्या माणसाबद्दल हे बोलणं! तेव्हापासून पाच दिवस अबोला आणि उद्या परतीचं विमान. माफी मागायला जीभ वळेना, म्हणून त्यांनी ती हातांनी मागायची ठरवली.

संध्याकाळी रेणू घरी आली. त्यांनी लखलखीत नाणं रुमालावर ठेवून पुढे केलं.

"बाबा, हे... तुम्ही क्लीन केलं?"

"किती मळलं होतं गं."

"मळ नव्हता तो! त्या थरानेच नाणं टिकतं, यार." सासऱ्याला यार म्हटल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. "इथे डहाळी होती. बघा, गेली."

देवीचा हात रिकामा होता. रेणू तिथेच फरशीवर बसून रडायला लागली.

एकनाथांचे हात शिवशिवले. बारीक छिन्नी मिळाली तर अशी डहाळी उठवणं म्हणजे घटकाभराचं काम.

"मी परत..." एवढं बोलून ते थांबले. दुखरे गुडघे सांभाळत तिच्या शेजारी बसले.

"चुकलं माझं. नाण्याचंही, आणि रविवारचंही."

हे शब्द त्यांनी बायकोलाही कधी ऐकवले नव्हते.

"तुझे पप्पा कसे होते गं?" त्यांनी विचारलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण या घरात हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

रेणूने ओढणीने नाक पुसलं.

"स्वयंपाक फार बेकार करायचे," ती म्हणाली. "रोज वरण करपायचं. आणि मी रोज दोनदा वाढून घ्यायचे."