अळणी

"आरसा जरा खाली घे. अजून. हां, धर आता तसाच."

पद्मिनीनं दाढीचा आरसा गाडीच्या पोटाखाली सरकवला आणि अंगणातलं ऊन त्यात पकडून आत फेकलं. गाडीखाली पाठीवर झोपलेल्या यशवंतरावांचे फक्त पाय बाहेर होते; एकात चप्पल, दुसरी कुठं तरी निसटलेली. आत पत्र्यावर पॉलिश पेपर खरखरत होता. गंजाची तांबूस भुकटी तिच्या हातावर, बांगड्यांवर, पदरावर येऊन बसत होती. सकाळची पूजा आटोपून ती तशीच इथं येऊन बसली होती, बोटांना चंदनाचा वास अजून होता.

"इतकं आत काय घासून राहिले जी? तिथलं कोणाले दिसते?"

"दिसत नाही म्हणूनच तर सडते," आतून आवाज आला.

ही पिकअप त्यांच्या मुलानं, शेखरनं आणली होती. रायपूर राजधानी झालं आणि पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, प्रत्येक पोट्ट्याला ठेकेदार व्हायची स्वप्नं पडू लागली. रस्ते रुंद होत होते, जिकडंतिकडं विटा, गिट्टी आणि सळया. माल वाहायला गाडी पाहिजे एवढं शेखरला कळलं होतं. कुठल्याशा खात्याच्या लिलावातून त्यानं ही उचलली आणि दोन पोरांकडून ढकलत दारात आणून लावली. यशवंतरावांचा जन्म रेल्वेच्या वॅगन कारखान्यात गेलेला. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला पायानं ठोकरलं आणि शेजारपाजारच्या चारचौघांत म्हणाले,

"हे गाडी नोहे रे, अस्थी होय. राजिमच्या संगमात नेऊन शिरवून ये."

माणसं पोट धरून हसली. शेखरही थोडा हसला. त्याच आठवड्यात बॅग भरून तो सुरतेला निघून गेला.

पुष्कळ दिवसांनी त्याचा फोन आला तेव्हा पद्मिनीनं विचारलं, घरी कधी येतोस? तो म्हणाला, "गाड़ी चल जाएगी तो आ जाऊँगा, मां." रागानं म्हणाला की उगाच, ते तिला कळलं नाही. तिनं ते जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी यशवंतरावांनी माळ्यावरून जॅक उतरवला, गाडीची चारही चाकं काढून ती विटांवर चढवली आणि शर्ट काढून खुंटीला टांगला.

त्याच दिवशी ती पुरानी बस्तीत महामायेच्या देवळात जाऊन आली.

तिचे नेम तसे पुष्कळ. सोमवार, चतुर्थी, तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात पाणी नाही, पोथीचा रोजचा अध्याय. पण ते नेम घर सांभाळायचे होते, मागायचे नव्हते. मागण्यासाठी तिनं मीठ सोडलं.

"गाडी महामायेच्या दारात उभी राहिली का मंग मीठ खाईन," तिनं घरी येऊन सांगितलं. देवीपुढं हात जोडून ती काय बोलली होती, ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून वरणात मीठ पडायच्या आधी ती आपल्यापुरतं वाटीभर काढून ठेवायची. पहिल्या पहिल्यांदा घास फिरायचा. पुढं जिभेनं मागणं सोडून दिलं.

पैसा बेताचाच, पण यशवंतरावांचा हात मोडीतून वस्तू उचलणारा होता. कमानपाटे त्यांनी भंगार बाजारातून निवडून आणले. रेल्वेच्या टाकून दिलेल्या बर्थचं रेक्झिन धुऊन, शिवून सीटवर चढवलं. मागचा फाळका सडला होता तिथं साजाच्या लाकडाच्या फळ्या ठोकल्या. आणि मग जे मुळात गाडीत नव्हतंच, तेही बसवायला लागले. डॅशबोर्डवर छोटा पंखा आला. दोन सुरांचा हॉर्न आला. टेपही आला.

"माल वाहायच्या गाडीत टेप काहून?" तिनं विचारलं होतं.

"त्याले गाणे लागतात न."

रविवारी हिरालाल मिस्त्री यायचा. तो आणि यशवंतराव बॉनेटमध्ये डोकी घालून उभे राहायचे आणि तिनं केलेला चहा तिथंच मडगार्डवर गार व्हायचा. पण हरेलीच्या सणानंतर हिरालाल यायचा थांबला. त्याचं कारण पद्मिनीनं विचारलं नाही, तिला ते धुण्यात दिसलं. नवऱ्याच्या पंच्याला पूर्वी काळं तेल असायचं, साबणानं न निघणारं. आता फक्त रंग असायचा, निळा. बॉनेट उघडायचंच त्यांनी बंद केलं होतं. दारं, फाळका, आरसे, दिवे, सगळं ते पुन्हा पुन्हा घासत होते, रंगवत होते. वायपर फिरत होता, हॉर्न वाजत होता, पंखा वारा देत होता. गाडीतलं सगळं चालत होतं, गाडी तेवढी चालत नव्हती.

भाजी बाजारात हिरालाल समोर आला तेव्हा तो आधी दुसऱ्या गल्लीत वळला, मग परतून आला.

"भैया बताए नइ हे का, भाभी?"

"काय?"

"इंजन के ब्लॉक म दरार हे. वेल्डिंग करूँ तो चार दिन नहीं टिकेगा. दूसरा इंजन डालो, तो वो पूरी गाड़ी से महंगा." त्यानं तिच्या पिशवीतल्या दोडक्यांकडं पाहिलं. "मैं बोल दिया था भैया को. वो बोले, भाभी को मत बताना, उनका उपास चल रहा है."

तिनं मान हलवली आणि कोथिंबिरीचा भाव विचारायला वळली.

घरी आल्यावर तिनं काहीच दाखवलं नाही. दुसऱ्या सकाळी यशवंतरावांनी हाक मारली तेव्हा दाढीचा आरसा घेऊन गाडीखाली ऊन दाखवायला बसली.

पोळ्याच्या सुमाराला शेखरचा फोन आला. यशवंतराव पॉलिश पेपर आणायला गेले होते.

"मां, मेरा इधर ही जम गया है."

"मराठीत बोल न रे."

"समझ में तो आ रहा है ना?" तो हसला. मग जरा थांबला. "एक लड़की है. उसके भाई की दुकान है, मैं वही देखता हूँ. घर भी ले लिया किराए पे. वो गाड़ी निकाल दो अब. पापा को बोल देना."

"तुझे बाबा रोज करून राहिले रे ते काम. निळा रंग देला त्यायनं."

"मां, मैं नहीं आने वाला."

"जेवतोस न वेळेवर?"

"हां."

फोन ठेवून तिनं देवघरातली विझलेली समई उगाचच पुसली. फाटक वाजलं तेव्हा उठून दाराशी गेली आणि नवऱ्याच्या हातातली पिशवी घेतली. त्यांनी विचारलं, "फोन वाजला होता काय?" ती म्हणाली, "राँग नंबर."

पुढं एका सकाळी तुळशीला पाणी घालता घालता तिच्या हातातून तांब्या सुटला. भान आलं तेव्हा ती शंकर नगरच्या एका दवाखान्यात होती, हाताला सलाईन. तरुण डॉक्टरीण यशवंतरावांना विचारत होती, "इनका नमक कब से बंद है? किसने बंद किया?" यशवंतराव गुन्हेगारासारखे पायांकडं पाहत उभे होते.

परतताना रिक्षात यशवंतराव म्हणाले,

"सोडता नाही येत काय हे?"

"नवस सोडते काय कोणी?"

"मंग फेडता तर येते."

"गाडी झाली का फेडू."

यशवंतरावांनी तिच्याकडं पाहिलं. तिनंही पाहिलं. दोघांनाही आता बोलायला जागा होती. रिक्षावाल्यानं मध्येच विचारलं, "कोन पारा जाना हे, कका?" आणि ती जागा निघून गेली.

शुक्रवारी सकाळी दारात भंगारवाल्याची लॉरी येऊन लागली. पद्मिनी कणीक मळता मळता बाहेर आली. पिकअपला तिची चारही चाकं लागलेली होती. यशवंतरावांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, कपाळाला गंध होतं. लॉरीपासून पिकअपपर्यंत जाड दोर बांधला होता.

"हात धुऊन ये. बस."

"कुठं?"

"महामायेच्या दारात." त्यांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं. दार कुरकुरलं नाही. "तू म्हणाली होतीस, गाडी दारात उभी राहिली का. कशी जाईल ते नव्हतीस बोलली. मी ऐकलं होतं."

ती आत चढली. आत रंगाचा वास अजून ताजा होता. यशवंतराव स्टिअरिंगवर बसले, लॉरीनं दोर ताणला आणि विटांच्या चौकोनी खुणा मागं ठेवून गाडी अंगणातून बाहेर पडली. इंजिनाचा आवाज नव्हता. रस्त्यावर चाकांची फक्त सरसर. त्यांनी पंखा लावला, तिची कपाळावरची बट हलली. टेपला त्यांनी हात लावला नाही.

चौकात पानठेल्यावरून कोणी तरी ओरडलं, "वा काका! बन गई क्या गाड़ी?"

दोर त्याला दिसला नसावा. यशवंतरावांनी दोन सुरांचा हॉर्न वाजवला.

देवळाच्या दाराशी गाडी थांबली, पुजारी बाहेर आले. त्यांनी निळ्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. लॉरीचा ड्रायव्हर बिडी ओढत उभा होता.

"जल्दी करो महाराज, उधर गैस कटर वाला बैठा है."

पुजाऱ्यांनी यशवंतरावांकडं पाहिलं. यशवंतराव बॉनेटवर सांडलेलं नारळाचं पाणी पंच्यानं टिपत होते, रंगाला डाग पडू नये म्हणून.

दोघं उतरली. लॉरीवरचा पोरगा स्टिअरिंगवर बसला. लॉरी निघाली, लिंबं फुटली. गाडी वळणाआड जाईपर्यंत मागचा फाळका दिसत होता.

"हॉर्न तरी काढून घेतला असता," ती म्हणाली.

"राहू दे. त्याच्याशिवाय बोडखी दिसली असती."

घरी यशवंतरावांनी तिला पाटावर बसवलं आणि ताट स्वतः वाढलं. वरणभात, दोडक्याची भाजी, कोपऱ्यात लिंबाची फोड. मग फळीवरून मिठाची बरणी काढली आणि चिमूट तिच्या वरणावर सोडली. त्यांच्या नखांत निळा रंग होता. समोर बसून ते तिच्या तोंडाकडं पाहू लागले, जोडलेला सांधा टिकतो की नाही हे पाहावं तसे.

देवीपुढं ती गाडीचं बोललीच नव्हती. माझा शेखर माझ्या दारात येऊन उभा राहीस्तोवर मीठ सोडलं, असं बोलली होती. आजवर तिनं एकही नेम मोडला नव्हता. बाळंतपणात नाही, तापात नाही, सासू गेली त्या दिवशीही नाही.

तिनं घास उचलून कपाळाला लावला. डोळे नेहमीपेक्षा थोडे जास्त वेळ मिटले. मग तो खाल्ला.

"लागते न चव?"

"हव."

यशवंतरावांचे खांदे सैल झाले. अंगणातल्या रिकाम्या जागेकडं पाठ करून त्यांनी आपलं ताट ओढलं.

"शेखरचा फोन आला का सांगजो त्याले. देवीपर्यंत गेली म्हणा गाडी."

"सांगीन."

"अजून घेतेस मीठ?"

तिनं ताट पुढं केलं.