शिडातली बाळंतीण

मुरुडच्या कोळीवाड्यात नारळी पुनवेला पहिला नारळ काळूराम तांडेलाचा आणि पहिली होडीही त्याचीच. हा मान त्याला कोणी दिला ते कोणाला आठवत नव्हतं. त्यामुळे काढून घ्यायचा कोणी, तेही ठरत नव्हतं. शेजारचा धर्मा तांडेल मात्र वर्षानुवर्षं आशेवर होता.

त्या साली पुनवेच्या आदल्या दिवशी काळूरामने होडीवरचे पावसाळी झाप काढले, गुंडाळलेल्या शिडाला हात घातला, आणि शीड ओरडलं.

घडीत चिमणीचं घरटं होतं. आत तीन पिल्लं. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, अख्ख्या देहात कामाचा अवयव एकच, तोंड. ते त्यांनी असं उघडलं, की जेवायला इतका उशीर का, याचा जाबच मागत असावीत. भल्याभल्या दलालांना खाली बघायला लावणारा काळूराम मागे सरला.

"उचल गो ते घरटं," तो बायकोला, नीराबाईला म्हणाला.

"मी न्हाय. बालंतीन हाय ती."

"चिमनी हाय!"

"मंग चिमनी बालंत झालीय. होडी तुमची, म्हंजे सोयर तुमालाच. सोयरात नारल वाहतात व्हय?"

 भावजय बाळंत झाली म्हणून गेल्या साली धर्माला पूजेतून उठवणारा काळूरामच होता.

धर्मा लगबगीने आला. "काय तांडेल, पेढे कधी?"

तेवढ्यात होडीच्या काठावर कावळा उतरला. काळूरामने वल्हं हाणलं. कावळा उडाला, होडी हादरली, आणि घरट्यात पुन्हा तीन तोंडं उघडली.

"बघ, बघ!" काळूराम मान-बिन विसरून धर्माला म्हणाला. "पंख न्हाय, डोलं न्हाय. वर कावला, खाली मी. भ्याली का? उलट खायला मागतायत! आपल्या वाड्यात हाय का असा कोन?"

धर्माने वाकून पाहिलं. "न्हाय," तो म्हणाला. त्याला ते कबूल करावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी मान धर्माला मिळाला. वाजतगाजत मिरवणूक निघाली. काळूराम वल्हं घेऊन होडीपाशी पहाऱ्याला.

"हलू वाजवा र," तो ओरडला. "घरात लहान हायत."

वाजंत्री थांबली. "कंची?" म्हणून एकाने शिडात डोकावलं, मग दुसऱ्याने, मग बायकांनी रांग लावली.

पुढे गेलेला धर्मा सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. मिरवणूक अजून यायची होती.