श्वासाची पाळी

आमच्या समूहगानाच्या शेवटी एक लांबच लांब सूर आहे. तो तुटता कामा नये. एकटीला एवढा दम कुठला? म्हणून नियम एकच: शेजारीण श्वास घेत असेल तर आपण गात राहायचं, तिचं झालं की आपण घ्यायचा. पाळ्या कोणी लावून देत नाही, तरी सूर अखंड राहतो.

फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर मी परत गेले आणि सूर तुटायला लागला. दर वेळी, मी श्वास घेतला की लगेच. शिकवणाऱ्या बाई नुसत्या माझ्याकडे बघून गोड हसल्या. त्या हसण्याचा असा राग आला म्हणून सांगू! ठरवलं, आपला इथला शेर संपला.

शेवटच्या तालमीला भाची सोबत आली. ती फिजिक्सवाली. थवे, गर्दी, म्होरक्या नसताना सगळे एकसारखे कसे वागतात, हे कॉम्प्युटरवर बघत बसते. त्याचा पगारही देतात म्हणे.

ती मागे बसून ऐकत होती. सूर तुटलाच. बाहेर आल्यावर म्हणाली, "मावशी, तू नाही तोडत."

"मग कोण, तुझा काका?"

"सगळ्या. तू श्वास घेतलास की तुला सांभाळायला सगळ्या दम धरून गातात. तुझा आवाज परत आला की सगळ्या एकदमच श्वास घेतात, आणि तुझ्या एकटीच्या आवाजावर सूर टिकत नाही. शेजारणीकडे कोणी बघतच नाही, सगळ्यांचं लक्ष तुझ्यावर."

मला रडूच आलं. एवढ्या जणी माझ्यासाठी दम कोंडून उभ्या होत्या, आणि मी मनातल्या मनात त्यांनाच शिव्या घालत होते.

तशीच आल्या पावली आत गेले. "माझे लाड पुरे. आपापली शेजारीण बघा."

"आणि दम लागून पडलीस तर?" बाईंनी विचारलं.

"उचलू की," माझ्या उजवीकडची शिवणवाली म्हणाली, "सूर संपल्यावर."

पुन्हा सूर लावला. माझा दम संपला. शिवणवाली गात होती, म्हणून मी थांबले. कोणी वळून पाहिलं नाही. सूर आपला चालूच. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं, आणि आजारपणानंतर इतकं बरं मला पहिल्यांदाच वाटलं. मी सावकाश, पोटभर श्वास घेतला.

तेवढ्यात शिवणवालीचा दम संपत आला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी गायला लागले, आणि तिने श्वास घेतला.