लासेचा पांढरा झगा

जरा सरकून बसा, शेकोटीपाशी जागा आहे. एका गायलेल्या प्रवचनाची गोष्ट सांगायची आहे, आणि ते ज्या आईच्या गळ्यातून निघालं तिची. गोष्ट कडू आहे, पण ऐकून घ्या.

उत्तर थायलंडच्या डोंगरातल्या आमच्या खोऱ्यात आम्हा कारेन लोकांची सहा चर्चं. कुणी नदीत बुडवून बाप्तिस्मा देणारे, कुणी कपाळावर पाणी शिंपडणारे, कुणी मरियेला हाक मारणारे. वर्षभर एकमेकांची उणीदुणी काढतात. पण भात मळून झाला की सगळ्यांचा मिळून एकच मेळा भरतो, आणि मुगा वापॉ, म्हणजे आमची वापॉमावशी, जुन्या चालीवर प्रवचन गाते. एक ओळ ती म्हणते, दुसरी सहाही चर्चं मिळून उचलतात. त्या घटकेला देवालाही कुणाचा आवाज कुठल्या दारातून आला ते कळत नसेल, असं तिला वाटायचं. नवरा गेल्यावर याच मेळ्यानं तिला उभं केलं होतं.

त्या वर्षी थायलंडात बाईला बाईशी लग्न करता येईल असा कायदा झाला, आणि चियांग माईत नर्स असलेल्या तिच्या लेकीनं, लासेनं, वन्निसाशी लग्न केलं. रीतसर, सरकारी कचेरीत. मुगा वापॉ खूप रडली. मग डोळे पुसून मागावर बसली आणि लेकीसाठी लग्न झालेल्या बायकांचा काळा कुडता विणला, रानबिया टाचून.

बातमी खोऱ्यात पसरली. वरच्या गावचं चर्च म्हणालं, ती काळा कुडता घालून प्रभुभोजनाची भाकर घ्यायला आली तर आम्ही मेळ्यातून उठू. रस्त्याकडचं चर्च म्हणालं, तिला अडवलंत तर आम्ही उठू. मधे सापडले थ्रा क्लेथू; थ्रा म्हणजे आमचे पाळक. भला माणूस. सगळ्यांच्या दारी जाऊन आले आणि शेवटी मुगा वापॉच्या मागापाशी येऊन टेकले.

"मुगा, लासेला येऊ दे. गाऊ दे, प्रभुभोजन घेऊ दे. फक्त कुडता नको. पांढरा झगा घालू दे."

आमच्यात पांढरा झगा बिनलग्नाच्या मुलींचा.

"थ्रा, पोरगी चाळिशीला आली माझी."

"म्हणून काय झालं? वरच्यांना झगा दिसेल, रस्त्याकडच्यांना लासे दिसेल. कुणी उठणार नाही."

"आणि देवाला काय दिसेल?"

"देव सांभाळून घेतो, मुगा," थ्रा थकून म्हणाले. "वरचं गाव घेत नाही."

मेळा मोडला तर तो आपल्या लेकीमुळे मोडेल, ही भीती तिच्या पोटात बसली. तिनं झगा विणला.

लासे आली, वन्निसाला घेऊन. झगा हातात धरून म्हणाली, "आई, एवढं लग्न करून मी परत कुमारिका?" पण आईचं तोंड बघून घातला. वन्निसाला मैत्रीण म्हणून चुलीकडे पाठवलं. "मैत्रीण तर मैत्रीण," ती म्हणाली, "कांदा तेवढाच झोंबतो."

मुगा वापॉ त्या दिवशी अशी गायली की म्हातारे रडले. लासेचा आवाज तिच्या आवाजाला बिलगून वर गेला. प्रभुभोजन झालं, कुणी उठलं नाही. थ्रांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

जेवताना डोंगरापलीकडून आलेली एक आजी मुगा वापॉजवळ सरकली. तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं.

"पोरीनं गळा तुझाच घेतलाय गं. माझा पुतण्या विधुर आहे. दारूला शिवत नाही, दोन म्हशी आहेत. कुठं ठरलेलं नाही ना तिचं?"

आजी बहिरट, त्यामुळे प्रश्न सगळ्या मांडवाला ऐकू गेला. हात ताटात थांबले. वरचं गाव बघू लागलं, रस्त्याकडचं बघू लागलं. थ्रा क्लेथूंनी डोळे मिटले. वन्निसा पळी घेऊन समोरच उभी होती.

'तिचं लग्न झालंय' एवढंच म्हणायचं होतं.

"नाही आजी," मुगा वापॉ म्हणाली. "कुठं ठरलेलं नाही. तिला लग्नच करायचं नाही."

"सगळ्या असंच म्हणतात," आजी म्हणाली, आणि मांडव हसला. हात पुन्हा चालू झाले. थ्रांनी उठून एकीबद्दल देवाचे आभार मानले.

लासेनं घरी येऊन झगा उतरवला, घडी घालून आईच्या मांडीवर ठेवला. मुगा वापॉ धावत आत गेली आणि काळा कुडता घेऊन आली.

"हा तरी ने, बाळा."

"राहू दे, आई. तो लग्न झालेल्या लेकीसाठी विणलास. तशी लेक तुला नाही."

दोघी मोटरसायकलवर बसून गेल्या. लासे पुन्हा आली नाही.

मेळा अजून भरतो. सहातलं एकही चर्च फुटलं नाही. लांबून लोक ही एकी बघायला येतात, आणि मुगा वापॉ पहिली ओळ उचलते. दुसरी सगळे मिळून.

तुम्ही रात्री प्रार्थना कराल तेव्हा त्या वन्निसाचं नाव घ्या. सगळ्यांना वाढता वाढता ती जेवायची राहिली होती, आणि तशीच गेली.